सहीची करणी

आईने या वेळी निर्वाणीचा इशारा दिला होता. "माळ्यावरचं तुझं खोकं एक तर पुण्याला घेऊन जा, नाही तर मी रद्दीवाल्याला देतेय." आईच्या बाकी धमक्या पोकळ असतात, पण रद्दीच्या बाबतीत ती शब्दाची पक्की आहे (माझ्या अकरावीच्या वह्यांना भावपूर्ण श्रद्धांजली). म्हणून गेल्या शनिवारी नाशिकला गेले आणि खोकं उघडून बसले. वर इंजिनिअरिंगची लोकल ऑथरची पुस्तकं, खाली एक बंद पडलेला कॅल्क्युलेटर, आणि अगदी तळाशी 'सीक्रेट सर्कल'चे दोन जाडजूड खंड!

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एल. जे. स्मिथ या अमेरिकन लेखिकेची ही तीन पुस्तकांची मालिका. 'द इनिशिएशन', 'द कॅप्टिव्ह' आणि 'द पॉवर', तिन्ही १९९२ सालची. नायिका कॅसी ब्लेक, वय वर्षं सोळा, आणि ती चेटकीण आहे. चेटकीण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'मधली चिंची येते. कॅसी तशी अजिबात नाही. ती लाजाळू, चार लोकांत तोंड न उघडणारी, योग्य उत्तर दोन तासांनी सुचणारी मुलगी आहे. मला ती का आवडली असेल हे वेगळं सांगायला नको :)

माझी प्रत २००८ च्या नव्या आवृत्तीची. प्रकाशकाला तीन पुस्तकं दोन खंडांत बसवायची होती, म्हणून त्याने मधलं पुस्तक चक्क अर्ध्यात तोडून इकडे थोडं, तिकडे थोडं वाटून टाकलं. २०१३ साली, माझ्या दहावीच्या सुट्टीत, दादरच्या मामेबहिणीने फाउंटनच्या फुटपाथवरून मला पहिलाच खंड आणून दिला होता. म्हणजे गोष्ट ऐन रंगात आली आणि पानं संपली! दुसरा खंड मिळेपर्यंत मी दोन महिने मामेबहिणीला फोन करकरून हैराण केलं. सस्पेन्स म्हणजे काय ते मला त्या बाइंडिंगने शिकवलं.

गोष्ट अशी आहे. कॅसी आणि तिची आई केप कॉडला सुट्टीसाठी आलेल्या असतात. तिथे समुद्रावर तिला एक लाल केसांचा मुलगा भेटतो. काही टारगट पोरं त्याच्या मागावर असतात आणि ही भित्री मुलगी धडधडीत खोटं बोलून त्याला वाचवते. सुट्टी संपते. कॅलिफोर्नियाला घरी परतायचं, तर आई सांगते की आता आपण आजीकडे, न्यू सेलमला राहायचं. तिथे क्रोहेवन रोड नावाचा जुन्या घरांचा रस्ता आणि शाळेत एक टोळकं, ज्याला सगळे टरकून असतात. ही सगळी त्याच रस्त्यावरची मुलं, चेटूक करणाऱ्या जुन्या घराण्यांची वारस. त्यांचं वर्तुळ पूर्ण व्हायला बारा जण लागतात. त्यातली एक मुलगी शाळेच्या आवारात मेलेली सापडते आणि तिच्या जागी कॅसीला घेतलं जातं. दीक्षा मिळाल्यावर कळतं की लाल केसांचा तो मुलगा, अ‍ॅडम, वर्तुळातलाच आहे आणि डायनाचा मित्र आहे. आणि डायना म्हणजे कॅसीला तिथे भेटलेली सगळ्यात जवळची मैत्रीण. झालं कल्याण!

पुढे फे नावाच्या मुलीच्या हाती कॅसीचं हे गुपित लागतं आणि ती कॅसीला अक्षरशः वेठीला धरते. मला दुसरं पुस्तक सगळ्यात जास्त आवडतं ते यासाठीच. त्यात भुतंखेतं आहेत, स्फटिकाची कवटी आहे, पण भीती वाटते ती त्यांची नाही. एकदा तोंडातून गेलेली शपथ आपल्याला कुठवर नेते, याची भीती वाटते. वर्तुळात येताना शपथ, गुपित ठेवण्याची शपथ, डायनाला न दुखवण्याची शपथ. कॅसी प्रत्येक वेळी मनापासून हो म्हणते, आणि प्रत्येक वेळी कशाला हो म्हणतोय ते तिला नंतर समजतं.

असो. आता मूळ मुद्द्याकडे.

दुसरा खंड वाचून झाल्यावर मी पुढची पुस्तकं शोधायला लागले, तर 'द डिव्हाइड' नावाचं चौथं पुस्तक २०१२ मध्येच आलेलं होतं. आनंदाने मागवलं. वाचलं. नावं तीच, रस्ता तोच, समुद्र तोच, पण काहीतरी चुकत होतं. आपल्या घरी पाहुण्यांनी स्वयंपाक केल्यावर वाटतं ना, तसं. डबे तेच, मसाला तोच, पण हात वेगळा. मग कव्हर नीट पाहिलं. निर्मिती एल. जे. स्मिथ, लेखन ऑब्री क्लार्क. तेव्हा वाटलं, लेखिका दमली असेल, तिनेच कोणाला तरी सांगितलं असेल. दहावी झालेल्या मुलीला यापेक्षा जास्त काय सुचणार?

खरी गोष्ट बऱ्याच वर्षांनी वाचली, तोवर मी स्वतः नोकरीला लागले होते.

अमेरिकेत बुक पॅकेजर नावाच्या कंपन्या असतात. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हिस कंपन्याच. मालिकेची कल्पना ठरवायची, लेखक गाठायचा, काम करून घ्यायचं आणि तयार पुस्तक प्रकाशकाला डिलिव्हर करायचं. १९८३ साली सुरू झालेली 'स्वीट व्हॅली हाय' अशाच पद्धतीने निघायची. तिथे कल्पना फ्रान्सीन पास्कल यांची आणि पानं भरणारे हात दुसऱ्यांचे. नव्वदच्या सुमाराला अशाच एका कंपनीने स्मिथला व्हँपायरची मालिका लिहायला सांगितली. ती आधी शाळेत शिकवायची, नावावर दोनच पुस्तकं होती. मिळणार होते काही हजार डॉलर. १९९१ मध्ये 'व्हँपायर डायरीज' आली आणि पाठोपाठ 'सीक्रेट सर्कल'. कराराचा प्रकार होता 'वर्क फॉर हायर', म्हणजे कामाचे पैसे घ्या, काम आमचं. सही करताना या शब्दांचा अर्थ आपल्याला ठाऊकच नव्हता, असं तिने पुढे जाहीरपणे सांगितलं.

मधे ती कंपनी हात बदलत अलॉय एंटरटेनमेंट झाली. २००९ मध्ये 'व्हँपायर डायरीज' टीव्हीवर आली आणि तुफान चालली, आठ सीझन, २०१७ पर्यंत (आमच्या हॉस्टेलवर पेन ड्राइव्हमधून फिरणारं राष्ट्रीय दैवत!). स्मिथने त्या मालिकेची आणखी तीन पुस्तकं लिहिली. आणि २०११ मध्ये तिला काढून टाकलं. तिने निर्माण केलेल्या मालिकेतून! पुढची पुस्तकं दुसऱ्यांनी लिहिली. 'सीक्रेट सर्कल'ची तीन नवी पुस्तकंही तशीच आली. कॅसीचीसुद्धा टीव्ही मालिका २०११-१२ मध्ये झाली, पण २२ भागांत आटोपली. तिच्यात न्यू सेलमचं चान्स हार्बर झालं आणि बारा जणांच्या जागी सहा. मालकाने घराच्या भिंती पाडल्या, आपण काय बोलणार?

पण मला खरा धक्का बसला तो पुढे. २०१३ मध्ये अ‍ॅमेझॉनने 'किंडल वर्ल्ड्स' नावाची योजना काढली. लोकप्रिय मालिकांवर चाहत्यांनी गोष्टी लिहायच्या आणि विकायच्या, मूळ हक्कदारांच्या परवानगीने. त्यात 'व्हँपायर डायरीज' होती. मोठ्या गोष्टींना लिहिणाऱ्याला निव्वळ उत्पन्नाच्या ३५ टक्के, हक्कदाराला त्याचा वाटा, आणि लिहिलेल्या गोष्टीचे हक्क पुन्हा कंपनीकडेच. २०१४ मध्ये एका चाहतीने तिथे आपलं पुस्तक टाकलं. चाहतीचं नाव एल. जे. स्मिथ! स्वतःच्या पात्रांची गोष्ट पुढे सांगण्यासाठी तिला बाकी सगळ्यांबरोबर रांगेत उभं राहावं लागलं. २०१८ मध्ये तीही योजना बंद पडली.

हे वाचून मी खूप वेळ नुसतीच बसून होते. आणि मग मला खंड्या आठवला.

खंड्या म्हणजे माझा प्रोग्राम. २०१९ मध्ये पहिल्या नोकरीवर रुजू झाले तेव्हा एचआरच्या बाईंनी कागदांचा गठ्ठा पुढे केला. जिथे सही करायची तिथे पिवळे स्टिकर लावलेले. "स्टिकर दिसला की सही कर, लंचच्या आत सगळ्यांचं व्हायला हवं." आम्ही चाळीस जण होतो. चाळिसातल्या एकानेही वाचलं नाही. मी तर पेन चांगलं चालतंय म्हणून खूश होते.

माझी टीम रात्रीचे बॅच जॉब सांभाळायची. जॉब फेल झाला की रात्री तीनला फोन. मग डोळे चोळत हजारो ओळींच्या लॉगमधून नेमकी ओळ शोधायची. २०२१ मध्ये घरून काम चालू होतं, शनिवार-रविवारी जायला कुठे नव्हतंच, तेव्हा मी पायथनमध्ये एक लहानसा प्रोग्राम लिहायला घेतला. तो लॉग वाचायचा, आधीच्या फेल्युअरशी ताडून बघायचा आणि संशयित ओळ उचलून पुढे ठेवायचा. तारेवर बसलेला खंड्या पाण्यात सूर मारून बरोबर मासा उचलतो ना, म्हणून खंड्या. सात-आठ वीकेंड गेले. टीमचे रात्रीचे फोन निम्म्यावर आले. मॅनेजरने मेलमध्ये लिहिलं, गुड जॉब. एवढ्यावर मी महिनाभर हवेत होते.

२०२३ मध्ये नोकरी बदलली. लॅपटॉप परत दिला, खंड्या तिथेच राहिला. २९ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री जुन्या टीममधल्या मित्राचा फोन. "अगं, तुझा खंड्या आज चालतच नाहीये." मी अर्धवट झोपेत हसले. मागच्या वर्षी याच दिवशी काय झालं होतं ते बघण्यासाठी मी तारखेतलं नुसतं वर्ष बदललं होतं. २९ फेब्रुवारी २०२३ ही तारीख कॅलेंडरात नाहीच, तो प्रोग्राम तरी काय करणार बिचारा! कुठल्या फंक्शनमध्ये काय बदलायचं ते त्याला फोनवर सांगितलं. पाच मिनिटांत खंड्या पुन्हा उडाला. ज्याच्यावर आपला काही हक्क नाही त्याची दुखरी जागा आपल्याला झोपेतही माहीत असते. चाहती म्हणून पुस्तक टाकताना स्मिथचं नेमकं काय होत असेल, ते मला त्या रात्रीमुळे थोडंफार कळलं असं वाटतं.

काही महिन्यांनी त्याच मित्राने एक फोटो पाठवला. कंपनीचा वार्षिक कार्यक्रम, स्टेजवर खंड्या. आता त्याला मोठ्ठं इंग्रजी नाव होतं, लोगो होता, आणि इनोव्हेशनचं पारितोषिक घेणारे हात ज्यांचे होते त्यांनी आयुष्यात तो लॉग उघडलेला नव्हता. मित्राने आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती मला जास्त लागली. कोड नव्या ठिकाणी हलवताना जुनी हिस्टरी बरोबर नेलीच नव्हती. पहिल्या नोंदीपुढे 'इनिशियल कमिट' आणि नाव भलत्याचंच. माझे सात-आठ वीकेंड, रात्री दीडला टाकलेल्या कमेंटा, सगळं एका ओळीत पुसलं गेलं. जणू प्रोग्राम आकाशातून पडला.

हे सगळं मी माझ्या एका मैत्रिणीला तावातावाने सांगत होते. तीही आयटीतली. ती शांतपणे म्हणाली, "पगार घेतलास ना? गवंडी बंगला बांधतो, तो काय बंगल्यावर हक्क सांगतो?"

तिचं म्हणणं खोटं नाही, आणि त्यातलं खरं मला आधी मान्य करायचंय. लॅपटॉप कंपनीचा, लॉग कंपनीच्या क्लायंटचे, आणि ते लॉग नसते तर खंड्या सुचलाही नसता. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १७ वं कलमही हेच सांगतं की नोकरीच्या कामाचा भाग म्हणून जे तयार होतं त्याचा पहिला मालक नोकरी देणारा, वेगळा करार नसेल तर. स्मिथच्या बाबतीतही कंपनीने दरोडा घातला असं म्हणता येणार नाही. व्हँपायरच्या मालिकेचं बीज तिच्याकडे कंपनीनेच आणलं होतं. आणि मालक लेखिका असली म्हणजे गोष्ट पूर्ण होतेच असंही नाही. तिचीच 'नाइट वर्ल्ड' नावाची मालिका बघा. १९९८ पर्यंत नऊ पुस्तकं आली, दहाव्याची वाट वाचक पंचवीसहून जास्त वर्षं बघत राहिले. ते तिच्या हयातीत आलंच नाही. कॅसीला निदान दुसऱ्याच्या हातून का होईना, पुढची पानं मिळाली.

तरीही गवंड्याचं उदाहरण मला पटत नाही. बंगला विकला तरी गवंडी पोराला सायकलवरून नेऊन दाखवू शकतो, "हा मी बांधला." त्याचं तोंड कोणी बंद करत नाही, आणि वास्तुशांतीला दुसऱ्याच गवंड्याचा सत्कारही होत नाही. मालकी एक गोष्ट आहे, कर्तेपण दुसरी. पहिली विकता येते. दुसरी विकता येत नाही, ती फक्त पुसता येते. शाळेत कर्मणी प्रयोग शिकवतात त्याचा खरा उपयोग ऑफिसच्या मेलमध्ये कळतो: 'प्रणाली विकसित करण्यात आली आहे.' कोणी केली? ते वाक्यात नाही.

आणि गंमत म्हणजे हा फरक मी काढलेला नाही, कायद्यातच आहे. त्याच कायद्याचं ५७ वं कलम सांगतं की हक्क दुसऱ्याला दिले तरी हे काम माझं आहे असं म्हणण्याचा लेखकाचा अधिकार शाबूत राहतो. आपल्या कायद्यात संगणकाचा प्रोग्रामही साहित्यकृतीत मोडतो, म्हणजे तुमचा-माझा कोड 'साहित्य' आहे, हे वाचून मराठीच्या बाईंची फार आठवण आली. कलम १९ सांगतं की हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरायची आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरता. अर्थात म्हणूनच करार लिहिणारे वकील 'कायमचा' आणि 'संपूर्ण जगात' हे शब्द कधी विसरत नाहीत. २०१२ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. सिनेमासाठी लिहिणाऱ्या गीतकार-संगीतकारांचा, सिनेमागृहाबाहेर ते गाणं वापरलं गेलं तर मिळणारा रॉयल्टीचा वाटा, त्यांनी स्वतः सही केली तरी सोडून देता येत नाही, अशी तरतूद आली. राज्यसभेत जावेद अख्तर त्यासाठी झगडले होते. ही तरतूद करावी लागली कारण नवख्या माणसाची सही किती सहज मिळते ते सगळ्यांना ठाऊक होतं.

अमेरिकेच्या कायद्यातही नवख्या लेखकांसाठी एक खिडकी आहे. हक्क विकले असतील तर साधारण ३५ वर्षांनी लेखक किंवा त्याचे वारस ते परत मागू शकतात. तरुणपणी मातीमोलाने विकलेल्या गोष्टीला दुसरी संधी. पण 'वर्क फॉर हायर'ला ही खिडकी बंद! कारण कायद्याच्या नजरेत ते काम लेखकाने विकलेलंच नसतं, ते पहिल्यापासून त्याचं नसतंच. १९९२ आणि ३५ मिळवा. कॅसीची ती वेळ २०२७ मध्ये आली असती. त्या तीन शब्दांचं वजन एवढं आहे.

कॅसीचं न्यू सेलम काल्पनिक आहे, पण ते ज्यावरून आलं ते सेलम खरं आहे. १६९२ मध्ये तिथे चेटुकाच्या आरोपावरून १९ जणांना फाशी दिली आणि एका म्हाताऱ्याला दगडांखाली चिरडून मारलं. त्या खटल्यांत पुन्हा पुन्हा येणारा आरोप कोणता होता माहितीये? सैतानाच्या वहीत सही केल्याचा. तितुबा नावाच्या गुलाम बाईने जबानीत सांगितलं की तिने वहीत खूण केली आणि तिथे आणखी नऊ खुणा पाहिल्या. म्हणजे त्या काळच्या लोकांच्या कल्पनेतही चेटूक झाडूवर बसून सुरू होत नव्हतं, सहीने सुरू होत होतं! त्या वेळी दोषी ठरलेल्या एलिझाबेथ जॉन्सन या बाईचं नाव मात्र कागदोपत्री तसंच राहून गेलं होतं. ते २०२२ मध्ये निर्दोष ठरवलं गेलं, ३२९ वर्षांनी, तेही आठवीतल्या मुलांनी पाठपुरावा केला म्हणून. मेलेल्या माणसाच्या नावापुढचा एक शब्द बदलून काय मिळालं, असं कोणी विचारेल. मला वाटतं त्या मुलांना ते बरोबर कळलं होतं.

एल. जे. स्मिथ मार्च २०२५ मध्ये गेली, वयाच्या ६६ व्या वर्षी. बातम्यांत तिची ओळख 'व्हँपायर डायरीजची लेखिका' अशीच होती. ज्या कामावर तिचा कायदेशीर हक्क नव्हता, त्याच कामाने लोकांनी तिला ओळखलं. कंपनीने पुढची पुस्तकं दुसऱ्याकडून लिहून घेतली तरी कव्हरवरून तिचं नाव पूर्ण काढलं नाही. अर्थात ते नाव विकलं जात होतं म्हणून. पण निदान राहिलं. आमच्या क्षेत्रात कोडला कव्हर नसतं, म्हणून हिस्टरी पुसणं हे आमच्यात सगळ्यात वाईट आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. कंपन्यांनी पैसे द्यावेत, मालकी घ्यावी, काही तक्रार नाही. पण कोड हलवताना हिस्टरी बरोबर न्यायला एक आज्ञा जास्तीची द्यावी लागते, रुपयासुद्धा लागत नाही. तेवढं तरी करावं.

आणि आपण? आपण आधी वाचावं. मी हे कोणत्या तोंडाने सांगतेय ते मला माहीत आहे, म्हणून खंड्याच्या फोटोनंतर माझा जुना करार शोधून पहिल्यांदा वाचला. बावीस पानं. त्यात मला सगळ्यात जास्त काय टोचलं सांगू? शेवटचं परिशिष्ट. 'रुजू होण्यापूर्वी तुम्ही स्वतः तयार केलेल्या गोष्टींची यादी.' तिथे जे लिहाल ते तुमचं राहणार, कंपनी त्याला हात लावणार नाही. म्हणजे सोय होती, कागदावर छापलेली होती. पिवळा स्टिकर त्या पानाच्या तळाशी होता आणि मी कोऱ्या यादीखाली सुंदर सही करून ठेवली होती. त्या वेळी लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं ही गोष्ट वेगळी. पण असतं तरी मी लिहिलं नसतं, कारण वाचलंच नसतं.

हे सगळं आज का आठवतंय, तर पुन्हा नोकरी बदलतेय. सोमवारी नव्या ऑफर लेटरवर सही करायचीय. आणि गेलं वर्षभर मी शनिवार-रविवार, माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर, आजीसाठी एक अ‍ॅप लिहितेय. तिला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून औषधांच्या वेळा ते मराठीत मोठ्याने बोलून सांगतं. नाव टिटवी (आजी म्हणते, तुझ्यासारखीच कटकट करते!). नव्या करारातही 'नोकरीच्या काळात केलेलं सगळं आमचं' असं कलम आहे, आणि टिटवी अजून पूर्ण झालेली नाही, ती त्या नोकरीच्या काळातच वाढणार. म्हणून एचआरला विचारलं की टिटवी परिशिष्टात लिहू का, आणि तिच्यावर पुढे होणारं कामही माझंच राहील अशी एक ओळ घालाल का. दोन दिवस उत्तर नाही. मग आलं, "मॅडम, हे स्टँडर्ड टेम्प्लेट आहे, यात कोणी बदल करत नाही." मी पुन्हा विचारलं. काल संध्याकाळी उत्तर आलं की नाव लिहा, पण पुढच्या कामाची ओळ घालता येईल का ते लीगलला विचारून सांगतो.

तर अजून सांगितलेलं नाही. नोकरी मला हवीय, पगारही हवाय, आणि सोमवारी ते नाही म्हणाले तर मी काय करेन हे मला आत्ता खरंच माहीत नाही. टिटवी वर्षभर बाजूला ठेवीन कदाचित. पण या वेळी कशावर सही करतेय ते मला माहीत असेल.

दोन्ही खंड पुण्याला आणलेत. आईला सांगितलंय, रद्दीवाल्याला बाकी खोकं दे, लोकल ऑथरसकट. तुमच्याकडेही कपाटात कुठेतरी फाइलमध्ये ते बावीस पानांचं बाड असेलच. या रविवारी चहा घेताना शेवटचं पान काढून बघा. कोरी यादी आणि तिच्याखाली तुमची सही, असं तर नाही ना?